नसीमआपांचं तेलपाणी

आमच्या दुकानात नसीमआपा पहिल्यांदा आल्या, तेव्हा आत पाऊल टाकता टाकताच त्यांनी विचारलं, "कसं काय? बरं हाय का?" माझी बायको सुनंदा बिलं करत बसली होती. ती म्हणाली, "बरंच म्हणायचं. गुडघा तेवढा दुखतोय." आपा गोंधळल्या. त्यांनी सुनंदाला विचारलंच नव्हतं. तिच्या टेबलाखाली कॉम्प्युटरचा डबा होता, त्याला विचारलं होतं, आणि ताप बघतात तसा त्याच्यावर उलटा हातही ठेवला होता. पण बाई मोठ्या मनाची. डब्याला ताप नाही याची खात्री करून घेतली, मग खुर्ची ओढली आणि सुनंदाचा गुडघा सगळा ऐकून घेतला. दोघींची मैत्री त्या गुडघ्यापासूनची. गुडघा अजून दुखतो, पण आता त्याची कोणी चौकशी करत नाही, असं सुनंदा म्हणते. माझी चौकशी ती जमेस धरत नाही.

माझं केडगावला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. पुढं काउंटर, मागं गोडाऊन, मध्ये काचेची खोली, आणि या सगळ्यावर नगरची धूळ. ही धूळ बाहेरून येते असं लोकांना वाटतं. मला वाटतं ती इथंच राहते, आपण बाहेरून येतो. तिच्यात आमच्या धंद्याचं ग्रीस मिसळलं की जी काळी पेस्ट तयार होते, ती कॉम्प्युटरच्या पंख्यावर बसते, पंखा जड होतो, डबा तापतो, आणि एक दिवस गिऱ्हाईक समोर उभं असताना पडदा निळा होतो. हे मला आपांनी शिकवलं. त्याआधी मला वाटायचं, कॉम्प्युटर म्हणजे नशिबाचा भाग.

आपा मूळच्या पाथर्डीकडच्या. लग्न होऊन नगरात आल्या. त्यांचा नवरा टाईपरायटरचं काम करायचा. त्या जमान्यात टाईपरायटर बिघडायची वाट कोणी बघत नसे. दर महिन्याला माणूस कचेरीत यायचा, ब्रश मारायचा, तेलाचे थेंब सोडायचा, रिबिन बघायचा आणि पुढच्या कचेरीत जायचा. त्याला तेलपाणी म्हणत. मग टाईपरायटर गेले आणि काही वर्षांनी नवराही गेला. आपांनी कॉम्प्युटरचं काम शिकून घेतलं, रीतसर क्लास लावून, त्यांच्या निम्म्या वयाच्या पोरांच्या शेजारी बसून. काम नवं घेतलं, पण शब्द नवऱ्याचाच ठेवला. "उद्या तेलपान्याला येते," असा त्यांचा फोन यायचा.

"आपा, कॉम्प्युटरला तेल लागत नाही आणि पाणी तर मुळीच चालत नाही," मी एकदा म्हणालो.

"जिभेला तरी कुठं हाड हाय, भाऊ? तुमची चालतीच की."

त्यानंतर मी त्या शब्दाच्या वाटेला गेलो नाही.

त्यांचं येणं गुरुवारचं. स्कूटर लावायची, ओढणी कमरेला बांधायची, पिशवीतून ब्लोअर काढायचा आणि एकेक डबा बाहेर अंगणात नेऊन फुंकायचा. मग आत येऊन त्या मोठ्यांदा ओरडायच्या, "लाईट गेली!" आणि खुशाल मेन स्विच खाली ओढायच्या. यूपीएसच्या बॅटरीवर सगळं चालू राहतंय का ते बघायला. पहिल्यांदा हे झालं तेव्हा सुनंदा देवाच्या नावानं किंचाळली होती. पुढं पुढं ती आपांच्या आधी ओरडायला लागली. सगळ्यांत शेवटी नकलेची परीक्षा. आमच्या बिलांची एक नक्कल रोज आपोआप दुसऱ्या डिस्कवर जायची. आमच्या मते तिथं विषय संपला. आपा मात्र त्या नकलेतून कुठलंतरी एक जुनं बिल उघडायला लावायच्या. पोळ्याच्या आदल्या दिवशीचं दाखवा, उरसाच्या वेळचं दाखवा. मी कुरकुरलो की म्हणायच्या, "नुसतं ठेवलं म्हंजे झालं व्हय? लोनचं घातल्यावर बरनी मधनंमधनं उघडून बघतोच ना आपन? का बुरशी आल्यावर ताटात वाढायचं?"

खंडेनवमीला आपांची खरी परीक्षा असे. आमच्याकडं त्या दिवशी सगळ्या अवजारांची पूजा असते. पान्यांची, जॅकची, वजनकाट्याची, आणि अलीकडे अर्थातच कॉम्प्युटरची. पहिल्या वर्षी आम्ही हौसेनं पूजा केली. डब्याला हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, झेंडूचा हार घातला आणि समोर नारळ फोडला. नारळाचं पाणी कीबोर्डनं प्यायलं. अक्षता जाळीतून आत गेल्या आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पंखा टर्र टर्र वाजायला लागला. हारातल्या मुंग्यांनी आत घर केलं ते वेगळंच. आपांनी डबा उघडून तांदळाचे दाणे चिमट्यानं एकेक करून कागदावर काढले, आणि तो कागद माझ्यापुढं सरकवून म्हणाल्या, "घ्या. भात लावा."

पुढच्या वर्षापासून खंडेनवमीच्या आदल्या दिवशी त्या न बोलावता हजर. प्रत्येक डब्याच्या कपाळावर त्या प्लॅस्टिकची चकती चिकटवायच्या आणि सुनंदाला बजावायच्या, "वैनी, कुंकू हितं. हितंच. ही जाळी म्हंजे त्याचं नाक हाय, नाकात काय घालायचं न्हाई." कीबोर्ड कपाटात जायचे. नारळ कुठं फोडायचा ती जागा त्या चालून दाखवायच्या, पार दाराबाहेर. मग स्वतः आणलेलं लाल फडकं डब्यावर घालून जरा मागं होऊन बघायच्या. एकदा सुनंदानं विचारलं, "आपा, तुम्हाला हे सगळं कसं सुचतं हो?" तर म्हणाल्या, "पूजा तर तुमी करनारच. मग ती चांगली व्हावी."

या तेलपाण्याच्या पायी एकदा मोठी गंमत झाली. आपांच्या फेरीत शिर्डीचं एक लॉजही होतं. तिथले मॅनेजर बोरुडे हे अत्यंत आज्ञाधारक गृहस्थ. आपांच्या मुलीचं बाळंतपण पुण्यात होतं, म्हणून महिनाभर शिर्डीला जाता येणार नव्हतं. जाताना त्यांनी फोन केला, "बोरुडे, मी न्हाई तवर जरा तेलपान्याकडं लक्ष ठेवा." बोरुड्यांनी ठेवलं. शिलाई मशीनच्या तेलाची बाटली आणली आणि प्रिंटरला, पंख्याला, जिथं जिथं फट दिसली तिथं तिथं मनोभावे तेल सोडलं. वरून ओल्या फडक्यानं पुसूनही घेतलं. खोल्यांच्या पावत्या अशा तेलकट यायला लागल्या की पावती उजेडात धरली तर पलीकडचा भक्त दिसायचा. आपा परत आल्यावर बोरुडे हात जोडून म्हणाले, "मॅडम, तुम्ही सांगितलं त्याच्यापेक्षा एक थेंब जास्त घातला नाही." आपा हे सांगताना आमच्या दुकानात इतक्या हसल्या की ओढणीनं डोळे पुसावे लागले. पण त्यांनी बोरुड्यांना दोष दिला नाही. "शब्द माझा, चूकबी माझीच," म्हणाल्या. शब्द मात्र बदलला नाही. पुढं फोनवर एवढंच जोडायच्या, "तेलपानी, पन बिगर तेलाचं आन बिगर पान्याचं."

हसण्याचं सोडलं तर आपांना एकच घोर होता. ही फेरी टिकवायची. दुरुस्तीची कामं त्यांना वाटेल तेवढी मिळाली असती. बंद पडलेल्या कॉम्प्युटरसाठी लोक पायघड्या घालतात. त्यांना हवी होती ती चालू कॉम्प्युटरची कामं, आणि तीच दरवर्षी कमी होत होती. सावेडीतला एक क्लिनिकवाला सुटला, मग मार्केट यार्डातला एक आडत्या. कारण सगळ्यांचं एकच. वर्षभरात काही बिघडलं का? नाही. मग ही बाई येते कशाला? आपांनी काम जितकं चोख करावं, तितकं ते फुकट वाटायचं. जगात असा धंदा दुसरा नसेल. "बंद पडल्यावर अख्खं नगर मला वळखतं," त्या म्हणायच्या. "चालू असताना वाचमन इचारतो, कुनाकडं जायचंय?"

आमच्या शेजारी विलासशेठचं बी-बियाण्यांचं आणि खतांचं दुकान. त्यांच्याकडं माझ्याच ओळखीनं आपांची फेरी सुरू झाली होती. एक दिवस विलासशेठ माझ्या काउंटरला टेकून उभे असताना आपा आल्या. विलासशेठ मोकळा माणूस, मनात ठेवत नाही. म्हणाले, "आपा, यंदापासून आपलं राहू द्या. कधी काही होतच नाही आमच्याकडं. लागलं तर बोलावूच की." आपांनी हातातली पिशवी खाली ठेवली. तेव्हा विलासशेठनाच अवघडल्यासारखं झालं आणि त्यांनी वरून विनोद केला, "तुम्ही पण ना, आपा, अधूनमधून एखादी वायर ढिली ठेवायची. म्हणजे आम्हाला तुमची आठवण राहील."

आपांना रागावलेलं मी तेव्हा पाहिलं. आवाज चढवला नाही. माझ्या काउंटरवर एक बेरिंग पडलं होतं ते उचललं आणि विलासशेठच्या पुढं ठेवलं.

"हे भाऊ बेरिंग इकतात. उद्या गिऱ्हाईकाच्या ट्रॅक्टरात वाळू टाकून इकतील का? इचारा त्यांना."

विलासशेठ हसले, मीही हसलो, पण आपा हसल्या नाहीत. चहा आला होता तो तसाच ठेवून गेल्या. चहा टाकून जाणाऱ्या त्या नव्हत्या.

पुढं दोन पावसाळे काही झालं नाही. आपा हात फिरवून गेल्या होत्या, त्याची पुण्याई तेवढी पुरली. मग ऐन पेरणीच्या दिवसांत, दारात शेतकऱ्यांची रांग लागलेली असताना, विलासशेठचा कॉम्प्युटर गेला. बिल निघेना, खत देता येईना, रांगेतली माणसं आधी बसली, मग उठली, मग ओरडायला लागली. विलासशेठ स्वतः गाडी घेऊन आपांच्या घरी गेले. दिवसभर आपा त्यांच्या दुकानाच्या आतल्या खोलीत होत्या. संध्याकाळी कॉम्प्युटर चालू झाला, रांग हलली. विलासशेठनं भर दुकानात आपांना शाल दिली, नारळ दिला, पेढे वाटले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "देवासारख्या धावून आलात!" रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आपा तिथून थेट आमच्याकडं आल्या. शाल-नारळ काउंटरवर ठेवला आणि सुनंदाच्या शेजारी बसल्या. मला वाटलं, खूश असतील. मी म्हणालो, "आपा, आज तर सत्कार!"

"भाऊ, त्यांची जुनी बिलं गेली. परत येनार न्हाईत," त्या म्हणाल्या. "नक्कल जायची बंद झाल्ती कवाच. मी असते तर पयल्याच गुरवारी दिसलं असतं. इतकी वरसं आले तवा कुनी बस म्हनलं न्हाई. आन आज, एवढं सगळं गेल्यावर, शाल."

आणि त्या रडल्या. सुनंदानं त्यांचा हात धरला. मी उगाच शटरकडं गेलो. दुसऱ्याच्या दुकानातली बिलं गेली म्हणून रडणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही पाहिला नाही. विलासशेठनं पुन्हा गुरुवार सुरू केला, हे खरं. वर्षभर चालला. मग परत काही बिघडेना, आणि परत बंद झाला.

आमचा गुरुवार कधी बंद होईल असं मला वाटलं नव्हतं. पण आम्ही ज्या ट्रॅक्टर कंपनीचा माल विकतो, तिनं सगळ्या दुकानदारांना तिचीच यंत्रणा सक्तीची केली. बिलं आता दुकानात राहत नाहीत, कुठं राहतात ते मला सांगता येणार नाही. देखरेख पुण्याचे लोक करतात, लांबून. खोटं कशाला बोलू, ते काम उत्तम करतात. काही बिघडायच्या आत त्यांना कळतं. दर सोमवारी मोबाईलवर निरोप येतो की सर्व काही सुरळीत आहे. आपा जे करायच्या तेच हे, आणि कदाचित जास्तच नेमानं. आपांनी स्वतः ते सगळं नीट बघून घेतलं, दोन-चार शंका विचारल्या आणि म्हणाल्या, "चांगलं हाय, भाऊ. मानसं हुशार हायेत. आता माझं काम न्हाई हितं." हे त्या मनापासून म्हणाल्या, म्हणून जास्त लागलं.

तरी काही दिवस त्या गुरुवारी येत राहिल्या. ब्लोअर मारायच्या, सुनंदाशी बोलायच्या. पैसे घ्यायच्या नाहीत आणि मग त्याचाच त्यांना संकोच वाटायला लागला. काम नाही तर यायचं कशाला, असं इतकी वर्षं लोकांनी त्यांना विचारलं होतं. आता त्या स्वतःच स्वतःला विचारायला लागल्या. शिर्डीचं लॉजही एव्हाना सुटलं होतं. मुलगी पुण्याहून हाका मारत होती. एका उन्हाळ्यात त्यांनी नगरचं घर भाड्यानं दिलं आणि त्या गेल्या.

माणसाची सवय कुठं कुठं मुरलेली असते बघा. गुरुवारी सुनंदा अजून जरा जास्त दूध घेते. चहा उरतो. मी तिला काही म्हणत नाही, कारण स्कूटर थांबल्याचा आवाज आला की मीही मान वर करतो. पुण्याचे ते लोक माझ्या दुकानाची खडानखडा माहिती ठेवतात, पण त्यांच्यातल्या एकाचंही तोंड मी पाहिलेलं नाही. गिऱ्हाईक सोडलं तर आता दुकानात येतो तो कोणीतरी बोलावलेला माणूस असतो, आणि बोलावलेला माणूस घाईत असतो. मला आपांची फार आठवण येते. त्यांच्या कामाची नाही, ते होतंय. त्या यायच्या, त्याची येते.

मागच्या थंडीत कंपनीच्या बैठकीसाठी पुण्याला गेलो होतो. बैठक लवकर आटोपली. आपांच्या मुलीच्या घराचा पत्ता सुनंदानं कधीचा देऊन ठेवला होता, हडपसरच्या पलीकडं कुठंतरी. फोन न करताच गेलो. बरंच शोधल्यावर ती इमारत सापडली, तिसऱ्या मजल्यावर बेल वाजवली आणि दार आपांनीच उघडलं. केस पार पांढरे झाले होते. चष्म्यातून त्यांनी माझ्याकडं बघितलं, ओळख पटली, आणि चेहरा एकदम पडला.

"काय बंद पडलं, भाऊ?"

"काही नाही, आपा."

"न्हाई कसं? एवढ्या लांबनं आलाय. सांगा, लाजू नका. डबा आनलाय का खाली?" असं म्हणत त्या ओढणी सारखी करून चपला शोधायलाही लागल्या होत्या.

"आपा, डबा नाही आणला. सगळं चालू आहे. सगळं झकास चालू आहे. मी सहज आलो. तुम्ही कशा आहात, ते बघायला."

त्यांचा एक पाय चपलेत होता. तशाच उभ्या राहिल्या. माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. मी काही लपवतोय का, ते शोधत असाव्यात. मग पाय हळूच चपलेतून काढला, भिंतीचा आधार घेतला आणि आत तोंड करून मुलीला हाक मारली.

"अगं, चहा टाक. नगरचे भाऊ आलेत. काय बंद पडलेलं न्हाई, तरी आलेत."